कुंभकोणमचे चेहरे

कावेरी आणि तिच्यापासून फुटलेली अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये तामिळनाडूतील कुंभकोणम हे प्राचीन नगर वसले आहे. चेन्नईहून आगगाडीने निघालेला प्रवासी सुमारे सहा तासांत येथे पोहोचतो. तंजावरहून यावयाचे तर भातशेतांमधून जाणारी चाळीस किलोमीटरांची वाट आहे. प्रलयाच्या वेळी अमृताचा कुंभ पाण्यावर तरंगत येथे येऊन विसावला आणि किरातरूपी शंकराने बाण मारून तो फोडला, अशी या गावाच्या नावामागची आख्यायिका. दर बारा वर्षांनी येथील महामहम तीर्थात स्नानासाठी लाखो यात्रेकरू लोटतात. मागील पर्व २०१६ साली होऊन गेले. पुढचे २०२८ साली यावयाचे आहे. एरवी हे शहर आपल्या उद्योगात मग्न असते. पितळी भांड्यांची दुकाने, विड्याच्या पानांच्या चळती, पितळी पेल्यातील फेसाळ कॉफी, आणि जिकडे वळावे तिकडे घरांच्या छपरांवर डोकावणारे एखादे गोपुर. गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण ज्या लहानशा घरात गेले, ते येथील सारंगपाणि मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला हा मुलूख परका वाटण्याचे कारण नाही. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात तंजावरची गादी मिळविली आणि १८५५ सालापर्यंत भोसले घराण्याचे नाव तेथे टिकून राहिले. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळी, १८०३ साली, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर या घराण्याचा इतिहास मराठीत कोरण्यात आला. तो विस्तीर्ण शिलालेख डोळ्यांखालून घालावा, या हेतूने मी तंजावरला गेलो होतो. तेथून कुंभकोणमला आलो तो एका तंजावरी मराठी कुटुंबाचा पाहुणा म्हणून. या घरांतून आजही मराठी बोलली जाते. शेजाऱ्याशी तामिळ, घरात मराठी, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. आणि ती मराठी ऐकताना आपलीच भाषा दुरून चालत आल्यासारखी वाटते.

त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी ज्यांनी गाजविली, ते सर टी. माधवराव अशाच एका मराठी घराण्यातले. त्यांचा जन्म १८२८ साली याच कुंभकोणमात झाला. चित्रकलेच्या इतिहासात त्यांचे नाव येते ते राजा रविवर्मा यांच्यामुळे. बडोद्यास असताना माधवरावांनी रविवर्म्यांना तेथे बोलावून घेतले, आणि पुढे १८८४ साली त्यांची चित्रे छापून घरोघर पोहोचवावीत, ही कल्पनाही पत्राने त्यांना सुचविली. परंतु त्याआधीची हकीकत येथे अधिक महत्त्वाची आहे. तरुण रविवर्मा तिरुवनंतपुरम येथे तैलरंग शिकू पाहत होते, तेव्हा तेथील जाणत्या चित्रकाराने त्यांना विद्या देण्याचे नाकारले. १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय चित्रकार दरबारात आला. त्याने शिकविण्याचे कबूल केले नाही, केवळ आपले काम पाहत बसण्याची परवानगी दिली. रविवर्म्यांनी पाहून पाहूनच विद्या हस्तगत केली, ही त्यांच्या प्रतिभेची थोरवी. पण ‘येथे तुझे चुकते आहे’ असे सांगणारा मनुष्य मिळणे किती दुर्लभ असते, हेही त्यातून कळते. ज्याच्याजवळ रविवर्म्यांची प्रतिभा नाही, त्या सामान्य हौशी माणसाने काय करावे?

हा प्रश्न मला सुचला तो माझ्या यजमानांमुळे. त्यांचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. मी त्यांना काका म्हणत असे. काकांनी सत्तरी ओलांडली आहे. नोकरीत हिशेबाच्या वह्यांखेरीज कोठे पेन्सिल चालविली नव्हती. निवृत्तीनंतर मात्र त्यांना व्यक्तिचित्रे काढण्याचा छंद जडला. नातवंडे, दूधवाला, वर्तमानपत्रातील पुढारी असे अनेक चेहरे त्यांनी वह्यांतून उतरविले होते. या साऱ्या खटाटोपामागे एकच इच्छा होती. त्यांची आई १९६२ साली वारली, तेव्हा ते आठ वर्षांचे होते. घरात तिचे असे एकही स्वतंत्र छायाचित्र नाही. कोणाच्या तरी लग्नातील एका समूहचित्रात ती मागच्या रांगेत उभी आहे. चेहरा वाटाण्याएवढा, त्यातही अर्धा सावलीत. तो मोठा करून पाहावा तर नुसते ठिपके दिसतात. एका दुकानात संगणकावर ‘सुधारून’ घेतलेल्या प्रतीत गोरीपान, नितळ गालांची कोणी तरुणी अवतरली. तिला घरात कोणी ओळखले नाही.

ती माउली कशी दिसत असे, हे सांगू शकणारी व्यक्ती आता एकच उरली आहे. ती म्हणजे काकांची थोरली बहीण, अक्का. आई गेली तेव्हा अक्का सतरा वर्षांच्या होत्या. आज त्यांची ऐंशी सरली आहे आणि डोळ्यांत काचबिंदू आहे. गेलेली दृष्टी परत येत नाही, उरलेली सांभाळावयाची, असे वैद्यांनी स्पष्ट सांगितले आहे. कडेचे सारे मावळले आहे. एखाद्या नळीतून पाहावे तसे समोरचे तेवढे दिसते. म्हणजे या चित्राला मुदत होती, आणि ती चित्रकाराच्या हाती नव्हती.

काकांनी पहिले चित्र मोठ्या कागदावर, खपून काढले आणि सर्वांना दाखविले. “आईसारखी दिसते का?” मुले म्हणाली, छान आहे. सून म्हणाली, डोळे फार बोलके आहेत. अक्कांनी मात्र कागद बराच वेळ डोळ्यांसमोर इकडून तिकडे सरकविला आणि हळूच म्हटले, “नाही रे.” काय चुकले, ते त्यांना सांगता येईना. काकांनी चित्र कपाटावर ठेवून दिले, ते महिनाभर खाली काढले नाही.

आपल्या घरांतून नित्य असेच घडते. मुलगा एलिमेंटरी किंवा इंटरमीजिएट परीक्षेच्या तयारीसाठी आजोबांचे चित्र काढतो. आई ‘वा!’ म्हणते, थोरला भाऊ हसतो. आणि दोघांच्या बोलण्यातून मुलाच्या हाती काहीच लागत नाही. भाषांतर तपासताना ‘छान उतरले आहे’ किंवा ‘जमले नाही’ एवढाच शेरा मारला, तर भाषांतरकाराला त्याचा जसा उपयोग नसतो, तसेच हे. अभिप्राय कशावर आहे, हे बोट ठेवून दाखविले पाहिजे.

काकांना असे बोट ठेवणारी भेटली, ती शेजारच्या घरातील एक विद्यार्थिनी. कुंभकोणमात शासकीय ललितकला महाविद्यालय आहे. तामिळ नियतकालिकांतील चित्रांनी पिढ्यान्‌पिढ्यांना हसविणारे गोपुलु (१९२४–२०१५) येथेच शिकले, आणि पुढे मद्रासला ‘आनंद विकटन’मध्ये ‘माली’ या ज्येष्ठ चित्रकाराच्या देखरेखीखाली त्यांचा हात घडला. ही मुलगी त्याच महाविद्यालयात शिकते. तिने चित्र घेतले आणि प्रथम उलटे धरले; मग ते आरशासमोर नेले. आपणच काढलेले चित्र आपण इतके वेळा पाहिलेले असते की डोळा त्यातील दोषांना सरावतो. आरशात किंवा उलटे पाहिले की ते चित्र जणू दुसऱ्याचे होते आणि तिरकेपणा चटकन दिसतो. लिओनार्दो दा व्हिंचीनेही चित्रकारांना आरसा जवळ बाळगण्याचा, आणि इतरांची मते ऐकून घेण्याचा, उपदेश केला आहे.

मग तिने चार गोष्टी सांगितल्या. पहिली : डोळे फार वर गेले आहेत. प्रौढ माणसाचे डोळे डोक्याच्या माथ्यापासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. पण आपले लक्ष डोळे, नाक, ओठ यांतच गुंतलेले असल्याने आपण कपाळ व माथा आखूड करून टाकतो. दुसरी : दोन्ही डोळे एकाच साच्यातून काढल्यासारखे झाले आहेत; खऱ्या चेहऱ्यात ते तसे नसतात. तिसरी : केस एकेक करून ओढले आहेत. केसांचा आधी एक गडद समूह पाहावा, त्यावर प्रकाश कोठे पडतो ते पाहावे, आणि सुटे केस अगदी शेवटी, तेही मोजकेच काढावेत. चौथी : गालाभोवती आणि नाकाभोवती तारेसारखी काळी रेघ आहे. चेहऱ्याला अशी रेघ नसते. उजेड संपून सावली सुरू होते, तीच त्याची कड. डोळे किलकिले करून पाहिले की बारकावे विरतात आणि उजेड-सावलीचे मोठे भाग तेवढे उरतात. ते आधी एचबी पेन्सिलीने हलके मांडून मग टूबी, फोरबीने गडद करावेत. बोटाने चोळून छटा आणण्याची सवयही तिने सोडावयास सांगितली. त्याने कागद मळतो आणि चेहरा धुरकट होतो.

काकांनी नवे चित्र काढले. ते पहिल्याहून कितीतरी सरस उतरले. अक्कांनी ते पाहिले आणि म्हणाल्या, “ही देवळातली झाली रे. आई नव्हे.”

या शेऱ्यात केवढा अर्थ भरला होता, तो मला दुसऱ्या दिवशी काकांबरोबर स्वामिमलैला गेल्यावर उमगला. कुंभकोणमच्या पश्चिमेस काही किलोमीटरांवर हे गाव आहे. चोळांच्या काळापासूनची पंचधातूच्या मूर्ती ओतण्याची परंपरा तेथील स्थपतींनी चालविली आहे. मेण आणि राळ यांच्या मिश्रणाची मूर्ती आधी घडवावयाची, तिच्यावर कावेरीच्या गाळमातीचे लेप द्यावयाचे, भट्टीत मेण वितळवून बाहेर काढावयाचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतावयाचा. साचा फोडल्यावरच मूर्ती हाती येते; म्हणून एका साच्यातून दोन मूर्ती निघत नाहीत. तेथे मोजपट्टी म्हणून नारळाच्या पानाची एक पट्टी वापरतात. मूर्तीच्या उंचीएवढी पट्टी घेऊन तिला ठरलेल्या घड्या घालीत गेले की चेहरा कोठे संपतो, छाती कोठे, गुडघा कोठे, हे सारे तीवर उमटते. शिल्पशास्त्रात चेहऱ्याची लांबी हेच एकक मानले असून त्याला ‘ताल’ म्हणतात. प्रमुख देवांच्या मूर्तीस उत्तम दशताल, म्हणजे १२४ अंगुले, आणि देवींच्या मूर्तीस मध्यम दशताल, म्हणजे १२० अंगुले, असे मान आहे. डोळे सर्वांत शेवटी उघडतात.

ही प्रमाणे देवासाठी आहेत, कारण देवाचा चेहरा कोणा एका व्यक्तीचा असावयाचा नसतो. व्यक्तिचित्राचे कार्य नेमके उलट. डोळे डोक्याच्या मध्यावर असतात, दोन डोळ्यांत एका डोळ्याचे अंतर असते, कान भुवईपासून नाकाच्या टोकापर्यंत येतो, या साऱ्या मापांनी चेहरा बिनचूक होतो. पण तेथेच थांबले तर तो कोणाचाच होत नाही. माप ठाऊक असले म्हणजे प्रत्यक्ष मनुष्य त्या मापापासून कोठे आणि किती ढळतो, ते दिसू लागते. आणि ओळख पटते ती त्या ढळण्यातून. काकांनी विद्यार्थिनीचे ऐकून माप आणले होते. आई ज्या ठिकाणी मापाबाहेर होती, ती ठिकाणे तिला ठाऊक असण्याचा संभव नव्हता.

स्वामिमलैहून परतताना आम्ही कुंभकोणमच्या नागेश्वर मंदिरात थांबलो. हे मंदिर नवव्या शतकाच्या उत्तरार्धातले, आरंभीच्या चोळांच्या काळचे. गर्भगृहाच्या बाहेरील भिंतींवर अर्धनारीश्वर, ब्रह्मा, दक्षिणामूर्ती अशा देवता कोनाड्यांतून आहेत. आणि त्यांच्या अधूनमधून जवळजवळ मनुष्याच्या उंचीचे स्त्रीपुरुष उभे आहेत. त्यांच्या हाती आयुधे नाहीत, चार हात नाहीत. कोणी किंचित मान कलविली आहे, कोणाच्या ओठांत हसू दडले आहे. हे त्या काळचे राजपुत्र, राजस्त्रिया वा दाते असावेत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. नावे कोरलेली नसल्याने ते कोण, हे आज कोणी सांगू शकत नाही. काका तेथे बराच वेळ उभे होते. देवतेचा चेहरा आणि तिच्या शेजारच्या माणसाचा चेहरा असे आळीपाळीने पाहत होते. शेवटी म्हणाले, “हिला ओळखणारे कोणी तरी तेव्हा समोर उभे असणार. तिची हनुवटी अशीच होती का, ते त्याने सांगितले असणार.”

त्यानंतर त्यांनी आपली रीतच बदलली. ‘आईसारखी दिसते का?’ हा प्रश्न त्यांनी टाकून दिला. अक्कांना नळीतून पाहिल्यासारखे दिसते, मोठा कागद त्यांच्या नजरेत मावत नाही, हे ध्यानी घेऊन ते तळहाताएवढी चित्रे काढू लागले, तीही गडद पेन्सिलीने. सकाळी ऊन अंगणात आले की अक्कांना तेथे बसवून त्यांच्यापुढे दोन चित्रे ठेवावयाची. दोहोंत फरक एकाच गोष्टीचा : एकात भुवया सारख्या, दुसऱ्यात डावी किंचित वर. बाकी सारे तेच. आणि विचारावयाचे, “अक्का, यांतली कोणती?”

नुसत्या ‘का नाही?’ला ज्यांना उत्तर देता येत नव्हते, त्या अक्का ‘कोणती?’ला क्षणाचाही विलंब न लावता उत्तर देऊ लागल्या. डावी भुवई वर. कपाळ याहून रुंद. गालाचे हाड अधिक वर आलेले. एकदा ओठांच्या दोन तऱ्हा दाखविल्या, तेव्हा त्या म्हणाल्या, “दोन्ही नाहीत.” मग थोडे थांबून म्हणाल्या, की आईचा पुढचा एक दात किंचित पुढे होता, तो झाकण्यासाठी ती वरचा ओठ नेहमी ओढून धरीत असे, आणि हसू आले की पदर तोंडाशी नेई. ही गोष्ट काकांना ठाऊक नव्हती. समूहचित्रातही ती दिसत नाही. साठांहून अधिक वर्षे ती अक्कांच्या मनात होती. कोणी विचारले नव्हते म्हणून बाहेर आली नव्हती.

शाकुंतलाच्या सहाव्या अंकात दुष्यंत विरहावस्थेत शकुंतलेचे चित्र काढतो, तो प्रसंग वाचकांस आठवत असेल. विदूषक चित्राची तोंडभर स्तुती करतो. राजाला मात्र कळत असते की अजून पुष्कळ राहिले आहे : कानावरचे शिरीषाचे फूल, मालिनी नदीचा काठ, हरिणांची जोडी. स्तुतीने चित्र पुढे सरकत नाही. काय राहिले, याची नेमकी आठवण झाली की सरकते. आणि ग्रीक चित्रकार अपेलीजची कथाही प्रसिद्ध आहे. तो आपली चित्रे लोकांस दिसतील अशी मांडून मागे लपून बसे आणि बोलणे ऐके. एका चांभाराने वहाणेतील चूक दाखविली. अपेलीजने ती निमूटपणे सुधारली. दुसऱ्या दिवशी तोच चांभार पायाच्या पोटरीविषयी बोलू लागला, तेव्हा चित्रकाराने त्याला वहाणेपाशीच थांबावयास सांगितले. कथा विनोदाची असली तरी तिच्यात व्यवहार आहे. काकांनी छायाप्रकाशाविषयी विद्यार्थिनीचे ऐकले, प्रमाण स्थपतींच्या पानाच्या पट्टीवरून ओळखले, आणि आई कशी होती ते अक्कांना विचारले. अक्कांनी एकदा हनुवटीखालची सावलीच पुसून टाकावयास सांगितली, तेव्हा त्यांनी ती पुसली नाही. हनुवटीचा आकार मात्र पुन्हा विचारून घेतला.

मी निघालो तेव्हा ते चित्र पुरे झालेले नव्हते. कानाचा भाग आणि मानेचा कल राहिला होता. ऊन अंगणात असेपर्यंत रोज अर्धा तास, असा क्रम त्यांनी ठेवला होता. अक्कांचे डोळे थकले की त्या दिवसाचे काम थांबे. जुनी चित्रे काकांनी फाडलेली नाहीत. प्रत्येकावर तारीख घालून आणि अक्कांचे शब्द मागे लिहून ती एका पेटीत ठेवली आहेत. कोणती सुधारणा कोठून आली, ते त्यांवरून कळते. मला तर ती पेटीच एक चरित्र वाटली.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी कोणी पेन्सिल हाती घेऊन चेहरे काढीत असेल, त्यांनी एवढे करून पाहावे. चित्र समोर आले की ‘छान’ म्हणण्यापूर्वी एक क्षण थांबावे आणि एकच गोष्ट, जागा दाखवून, सांगावी : हा डोळा वर आहे, येथे सावली हवी, हसताना त्यांचा हा गाल असा वर जातो. चित्र काढणाऱ्यानेही सर्वांना सर्व काही विचारू नये. ज्याला जे ठाऊक आहे ते त्याला विचारावे, आणि एका वेळी एकच दोष सुधारावा. घरातील ज्या वडीलधाऱ्यांनी जुने चेहरे पाहिले आहेत, त्यांना विचारण्याचे काम मात्र पुढच्या सुटीवर टाकू नये.

आणि कुंभकोणमला जाण्याचा योग आला तर नागेश्वराच्या भिंतीपाशी सकाळच्या वेळी जावे. जवळच दारासुरम आहे. तेथील ऐरावतेश्वर मंदिर दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधले, आणि युनेस्कोच्या जागतिक वारसा-यादीत २००४ साली त्याचा समावेश झाला. तेथे त्रेसष्ट नायनार संतांच्या कथा लहान लहान शिल्पपटांतून कोरल्या असून त्यांखाली नावेही आहेत. तेथेच एका शिल्पात बैल आणि हत्ती यांना मिळून एकच डोके दिले आहे : एक बाजू झाकली की बैल, दुसरी झाकली की हत्ती. आपण एकटे पाहत असलो तर बहुधा एकच प्राणी पाहून पुढे जातो. शेजारी कोणी उभे असले आणि त्याने हाताने अर्धा दगड झाकून दाखविला, म्हणजे दुसरा दिसतो.